सवलतीतली नसबंदी : पालिकेचं केंद्र, संस्थेचा दवाखाना की खाजगी डॉक्टर?

कुत्र्या-मांजरांची नसबंदी करून घ्यायची तर महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत आज तीन दारं ठोठावता येतात. पालिकेच्या निर्बीजीकरण केंद्रात भटक्या कुत्र्यांसाठी पैसे लागत नाहीत. प्राणिमित्र संस्थेच्या धर्मादाय दवाखान्यात नाममात्र किंवा बाजारभावाच्या निम्म्याहून कमी दर असतो. खाजगी डॉक्टरकडे कुत्रीच्या ऑपरेशनचं बिल पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. कापायचं आणि काढायचं ते तिन्हीकडे सारखंच. म्हणून सेवा जोखताना ऑपरेशन थिएटरच्या फरश्या पाहू नयेत. जनावर कसं पकडलं, आधी काय तपासलं आणि नंतरचे चार-पाच दिवस कुठे, कसं ठेवलं हे पाहावं. स्वस्त सेवेत जीव जातो तो बहुतेक वेळा तिथे.

पालिकेची गाडी

मुंबई पालिकेने १९९४ मध्ये भटकी कुत्री मारणं थांबवलं आणि संस्थांच्या मदतीने नसबंदीचा रस्ता धरला. २००१ साली त्यासाठी देशभराचे नियम आले, मार्च २०२३ मध्ये ते नव्याने निघाले. पकड, लस, नसबंदी, कानाला खूण आणि जिथून उचललं तिथेच परत, हा त्याचा गाभा. बऱ्याच ठिकाणी पालिका स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला दर कुत्र्यामागे ठरलेली रक्कम देते आणि काढलेले अवयव मोजून हिशेब पडताळला जातो. नागरिकाला मात्र एक रुपयाही द्यावा लागत नाही. कोणी ‘गाडीचं पेट्रोल’ म्हणून मागितलं तर देऊ नका.

ही सेवा दोन तऱ्हांनी मिळते आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली तऱ्हा तक्रारीची. तुम्ही हेल्पलाइनवर कळवता, दहा-पंधरा दिवसांनी गाडी येते, समोर सापडतील ती दोन कुत्री उचलते आणि जाते. ही सापडतात तीच, जी माणसाला भीत नाहीत. खरी अडचण असते ती मादी गाडीचा आवाज ऐकताच गटाराच्या पाइपात शिरते आणि दर सहा-सात महिन्यांनी पिल्लं घालत राहते. दुसरी तऱ्हा मोहिमेची. एक वसाहत ठरवून आठवडाभरात तिथली जवळपास सगळी कुत्री उचलायची.

हिशेब साधा आहे. एखाद्या वसाहतीत वीस कुत्री धरा, त्यात दहा माद्या. तक्रारींवरून वर्षभरात दहा उचलली गेली आणि त्यात पाच माद्या निघाल्या, तर पाच उरल्या. त्या वर्षातून दोनदा माजावर येणार, एका वेताला पाच-सहा पिल्लं. यातली निम्म्याहून जास्त गाड्यांखाली, पार्व्होने (विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांनी), उपासमारीने जातात. तरीही नसबंदी झालेल्या दहांइतकीच नवी दहा उभी राहायला एक वर्ष पुरतं. तेच एकाच हंगामात वीसपैकी चौदा-पंधरा झाली, माद्या तर जवळपास सगळ्या, की पुढच्या वर्षी पिल्लं दिसेनाशी होतात. निदान सत्तर टक्के व्हायला हवीत असं जाणकार सांगतात ते यासाठी. तेव्हा सोसायटीने दहा वेळा तक्रार करण्यापेक्षा एकदा सगळ्या कुत्र्यांची यादी करून मोहीम मागावी. यादीत प्रत्येकाचा फोटो, नर की मादी, कान कापलेला आहे का आणि रोज कुठे बसतं, एवढं हवं. अशी यादी हातात असली की पालिकेच्या माणसाचंही काम सोपं होतं आणि तो नाही म्हणू शकत नाही.

वेळेचंही गणित आहे. भादव्यात कुत्री माजावर येतात हे गावाकडे पोराटोरांना ठाऊक असतं. गर्भ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा, म्हणजे पिल्लांचा लोंढा दिवाळीनंतर. शहरात कचऱ्यावर बाराही महिने खायला मिळतं, त्यामुळे हंगाम तितका काटेकोर राहिलेला नाही, पण चढ तेव्हाच असतो. म्हणून मोहीम चैत्र ते ज्येष्ठात उरकावी. श्रावणात पिंजऱ्यांची जमीन वाळत नाही, जखमा चिघळतात, आणि भादव्यात उचललेल्या अनेक माद्या माजावर किंवा गाभण निघतात. माजावरच्या मादीच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, गाठ बांधताना त्या फाटतात, रक्त जास्त जातं. बऱ्याच पालिकांच्या निविदा नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये संपतात आणि नव्या निघेपर्यंत पाऊस पडतो. सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वांत महाग दोष आहे आणि तो दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही, फक्त निविदेची तारीख बदलावी लागते.

पकडणाऱ्यांकडे नीट पाहा. जाळं किंवा मऊ दोरीचा फास हे योग्य. तारेचा फास किंवा लोखंडी चिमटा दिसला तर तिथल्या तिथे हरकत घ्या. उचलताक्षणी कुत्र्याच्या गळ्यात क्रमांकाचा पट्टा पडला पाहिजे आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे गल्लीचं नाव, जवळचं दुकान, वेळ. ‘स्टेशन रोड’ एवढंच लिहिलं असेल तर ते कुत्रं परत येताना दोन किलोमीटर लांब उतरेल. तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर ते घराचा रस्ता शोधत हमरस्त्यावर मरतं. सहा महिन्यांखालची पिल्लं आणि अंगावर पिणारी पिल्लं असलेली आई उचलायची नसते. स्तन ओघळलेले दिसत असतील तर आधी पिल्लं शोधा. कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या ताई-काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर अर्धं काम होतं. सकाळचं खाणं द्यायचं नाही, कुत्र्यांना एका जागी बोलवायचं, ओळखीच्या हाताने पट्टा बांधायचा. पळापळ झालेलं, धापा टाकणारं कुत्रं भुलेला नीट दाद देत नाही. जास्त औषध लागतं आणि मग उठायला वेळ लागतो.

टेबलावर

सरावलेला डॉक्टर कुत्रीची शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत करतो. भटक्या जनावरांत उजव्या कुशीतून जाण्याची पद्धत रूढ आहे. शेवटच्या बरगडीच्या मागे तळहाताएवढा भाग भादरायचा, मधोमध दीड-दोन सेंटीमीटरचा छेद. बोथट आकड्याने गर्भाशयाचं एक शिंग (दोन फाट्यांपैकी एक) अलगद बाहेर ओढायचं, बीजांडकोश धरून ठेवणारा पट्टा बोटाने ताणून सैल करायचा, रक्तवाहिनीला दोन गाठी, मग दुसरं शिंग, शेवटी गर्भाशयाचं मुख. छेद लहान आणि बाजूला असल्याने कुत्रं बसलं तरी जखम जमिनीला लागत नाही आणि दहा फुटांवरूनही ती दिसते. तोटा असा की डावीकडचा बीजांडकोश तिथून लांब पडतो. हात नवखा असेल तर त्याचा तुकडा आत राहतो आणि सहा-आठ महिन्यांनी ‘नसबंदी झालेली’ कुत्री पुन्हा माजावर येते. गाभण किंवा चरबी चढलेल्या मादीला पोटाच्या मध्यरेषेतून उघडणं जास्त सुरक्षित, कारण आतलं सगळं डोळ्यांना दिसतं.

त्वचेचे टाके कुठल्या धाग्याचे, हा प्रश्न हमखास विचारा. भटक्या जनावराला त्वचेखालून घातलेला विरघळणारा धागा हवा, टाके काढायला त्याला पुन्हा कोण पकडणार? घरच्या जनावराला नायलॉन चालतो, दहा-बारा दिवसांनी काढायचा. आतल्या गाठींसाठी जुनं कॅटगट (जनावरांच्या आतड्यापासून केलेला धागा) वापरणारे अजून आहेत. ते काही वेळा लवकर सैल होतं आणि आजूबाजूला सूज आणतं. चांगल्या कृत्रिम धाग्यामुळे खर्च फार वाढत नाही.

आणि दुखणं. भूल उतरली म्हणजे वेदना संपली असं नाही. मेलोक्झिकॅमचं एक इंजेक्शन साधारण दिवसभर आराम देतं आणि त्याची किंमत क्षुल्लक असते. ज्या केंद्रात वेदनाशामकाची नोंद केसपेपरवर नाही, तिथे बाकी सगळं चकचकीत असलं तरी जनावर नेऊ नये.

पिंजऱ्यातले पाच दिवस

केंद्र पाहायला गेलात तर थिएटर शेवटी पाहा, आधी ऑपरेशननंतरचे पिंजरे मागा. दुपारी दोननंतर गेलात तर सकाळची जनावरं शुद्धीवर येताना दिसतील. ती कुशीवर, कोरड्या गोणपाटावर किंवा रबरी चटईवर असावीत. भुलेच्या अमलात शरीर झपाट्याने गार पडतं, ओल्या लादीवर टाकलेलं बारीक कुत्रं थंडीनेच दगावू शकतं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावलेल्या दिसल्या की समजा इथे कोणीतरी लक्ष घालतंय. पापणी उलटी करून किंवा ओठ वर करून हिरडी पाहणारा माणूस हवा. गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. हिरडी पांढुरकी, कान गार, पोट फुगत चाललंय आणि जनावर उठत नाही, तर आतली गाठ सुटली आहे. तासाभरात पुन्हा उघडलं तरच वाचतं. हे घडतं ते बहुधा पहिल्या बारा तासांत, म्हणजे रात्री. त्यामुळे ‘रात्री इथे कोण असतं?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही कळतं. फक्त वॉचमन असेल तर ते केंद्र अपुरं आहे.

एका पिंजऱ्यात एक कुत्रं. मध्ये जाळी नव्हे, भिंत. अनोळखी कुत्री जाळीतून एकमेकांवर झेपावतात आणि टाके तुटतात. पण त्याहून मोठा धोका डिस्टेंपर आणि पार्व्हो या संसर्गजन्य आजारांचा. वस्तीतून आलेलं एखादं शिंकणारं, डोळ्यांना चिपडं आलेलं कुत्रं बाकीच्यांत ठेवलं की आठवड्याने सगळी गल्ली आजारी परत जाते आणि लोक म्हणतात, नसबंदीने कुत्री मेली. आजारी जनावराला वेगळी खोली आहे का, भांडी वेगळी आहेत का, हे विचारा. नराला तीन दिवस, मादीला चार-पाच दिवस ठेवणं हा किमान हिशेब. जागा कमी म्हणून दुसऱ्याच दिवशी सोडणाऱ्या केंद्रात जखमा उघडण्याचं प्रमाण वाढणारच.

सोडल्यावर जखमेजवळ मऊ गोळा दिसला तर घाबरू नये. त्वचेखाली पाणी साठतं आणि आठ-दहा दिवसांत जिरतं. गोळा दाबल्यावर आत जात असेल तर आतला थर सुटला आहे, लगेच न्यावं. माशा बसत असतील तर त्याच दिवशी. पावसाळ्यात दोन दिवसांत किडे पडतात.

एवढं धरून पालिकेच्या सेवेला भटक्या कुत्र्यांसाठी पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही, मोहीम असेल तर चार. पाळीव कुत्र्यासाठी ती नाहीच आणि तिथे घुसवूही नये. ती जागा रस्त्यावरच्या मादीची आहे.

मांजरांचं वेगळं

मांजराच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान ‘एक वेत होऊ द्यावं’ या समजुतीने होतं. त्याने मांजरीच्या तब्येतीला काडीचाही फायदा नाही. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहू शकते. सहाव्या महिन्याची वाट पाहत बसलेल्या घरात बरेचदा पहिलं वेत झालेलं असतं. पाचव्या महिन्याच्या आत काम उरका.

यासाठी संस्थांचे धर्मादाय दवाखाने सर्वांत उत्तम. सकाळी द्या, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी न्या. पाच-सहा मांजरं एकत्र आणलीत तर दरही कमी करतात. पकडायला पाय पडला की दार मिटणारा पिंजरा हवा, बऱ्याच संस्था तो अनामत घेऊन देतात. आदल्या संध्याकाळपासून मोठ्या मांजरांचं खाणं बंद. पिंजऱ्यात तळाला वर्तमानपत्र, टोकाला चमचाभर सुकट किंवा भाजलेला बांगडा, जास्त ठेवलं तर पोटभर खाऊन ऑपरेशन रद्द होतं. दार मिटताक्षणी पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधार झाला की मांजर आपटायचं थांबतं. या दोन मिनिटांत चादर हाताशी नसेल तर नाक आणि नखं रक्ताळतात.

एक गोष्ट दवाखान्याच्या वासावरून कळते. मांजरांच्या खोलीत काळ्या फिनाइलचा वास येत असेल तर तिथे मांजर ठेवू नका. त्यातली रसायनं मांजराचं यकृत पचवू शकत नाही आणि ते पंजे चाटून पोटात घेतं. आणि घरी आणल्यावर दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका, एका गोळीने मांजर मरतं.

बोक्याचं ऑपरेशन दहा मिनिटांचं, बाहेरून टाकाही नसतो. नंतर महिना-सव्वा महिना तो माद्यांपासून लांब ठेवायचा, कारण नळीत उरलेलं बीज तोवर जिवंत असू शकतं. पैसे मोजकेच असतील तर आधी माद्या करा. एक बोका उरला तरी सगळ्या माद्यांना पुरतो.

घरचं जनावर : पैसे कुठे वाचवावेत

तरुण, तंदुरुस्त, गावठी कुत्र्यासाठी धर्मादाय दवाखाना पुरेसा आहे. तिथले डॉक्टर दिवसाला अनेक ऑपरेशनं करतात, हात बसलेला असतो. खाजगी दवाखान्यात महिन्याला दोन-तीन करणाऱ्या डॉक्टरपेक्षा हा हात कधीही बरा. पण काही जनावरांसाठी खाजगीतले जास्तीचे पैसे खरोखर लागतात. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री, सात-आठ वर्षांपुढची, लठ्ठ, हृदयाचा त्रास असलेली. यांना श्वासनळीत नळी घालून वायूची भूल आणि प्राणवायू हवा. झायलाझीन-केटामीनच्या इंजेक्शनवर यांना झोपवणं जोखमीचं आहे आणि बहुतेक स्वस्त केंद्रांत तेवढीच सोय असते. ज्या मादीच्या योनीतून पू येतोय, पाणी खूप पितेय, जेवत नाही, तिला गर्भाशयात पू झालेला असतो. ती नसबंदीची नव्हे, तातडीची केस आहे, शिबिराची तारीख पाहत थांबू नये.

बिलात कुठल्याही परिस्थितीत कापू नये अशी एक ओळ म्हणजे रक्ततपासणी. आपल्याकडे गोचीडतापाचं प्रमाण मोठं आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट घसरलेल्या असतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. काहीशे रुपयांची चाचणी ते आधी दाखवते. प्लेटलेट कमी आल्या तर औषधोपचार करून तीन-चार आठवड्यांनी यावं. दुसरी ओळ लसीची. नऊ आजारांवरची लस आणि रेबीजची लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी, कारण जिथे आजारी जनावरं येतात तिथेच तुम्ही निरोगी जनावर नेत आहात. वाचवायचेच असतील तर ‘सप्लिमेंट’, ‘इम्युनिटी टॉनिक’, ऑपरेशननंतरचा खास डबा, यांवर वाचवा.

गळ्याभोवतीचा प्लास्टिकचा शंकू बिलात बहुधा धरलेला नसतो. तो नाकाच्या टोकापुढे दोन-तीन बोटं निघेल एवढा असावा, लहान असला तर कुत्रं जीभ वळवून टाके चाटतंच. दहा दिवस, रात्रीसुद्धा. ‘बिचाऱ्याला झोप येत नाही’ म्हणून रात्री काढला आणि सकाळी जखम उघडी, ही दवाखान्यात परत येण्याची सर्वांत ठरलेली गोष्ट आहे.

उपाशी ठेवण्याचे आकडे नीट लिहून घ्या, कारण फोनवर नेहमी अर्धवट सांगतात. मोठ्या कुत्र्याला आठ ते बारा तास अन्न नाही, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला मात्र बारा तास उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर पडते आणि ते शुद्धीवरच येत नाही. त्याला तीन-चार तास पुरे.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत घाई नको, हाडं-सांधे भरायला वर्ष-सव्वा वर्ष जातं, त्यानंतर करावं. लहान जातीच्या कुत्रीची पहिल्या माजाआधी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. दोन माजांच्या मधोमध, म्हणजे माज संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी, ही वयात आलेल्या मादीसाठी सर्वांत सुरक्षित वेळ.

कान आणि कागद

भटक्या जनावराच्या कानाला ऑपरेशनच्याच भुलेत खूण करतात. गरम हत्याराने छोटा तुकडा घेतला की रक्त येत नाही. ही खूण म्हणजे क्रूरपणा असं समजून काहीजण आग्रहाने नको म्हणतात. ऐकू नका. खूण नसली की दोन वर्षांनी दुसरी गाडी तीच मादी उचलते, भूल देते, पोट उघडते आणि आत काही नाही म्हणून शिवते.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडायला सांगितलं, रेबीजची लागण झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री तिथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. त्यामुळे तुमच्या गल्लीतलं कुत्रं नेमकं कुठून उचललं याची नोंद आता पूर्वीपेक्षा फार महत्त्वाची झाली आहे. शाळेच्या फाटकाबाहेर पन्नास पावलांवर बसणाऱ्या कुत्रीच्या कागदावर ‘शाळा’ एवढाच पत्ता पडला तर ती परत येणार नाही.

म्हणून गाडीच्या माणसाकडून पट्ट्याचा क्रमांक तिथेच मागून घ्या, कुत्र्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि परत सोडताना कानाचा आणि कुशीतल्या जखमेचा एकेक फोटो त्याच दिवशी. तारीख, केंद्राचं नाव, रेबीजच्या लसीची नोंद त्याखाली लिहून सोसायटीच्या ऑफिसात एका वहीत डकवून ठेवा. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, नसबंदी एकदाच, आणि पुढच्या वर्षी कोणाला टोचायचं हे त्या वहीतूनच कळणार आहे.